शिमानो ६०० अल्टेग्रा ६४०० : वापरलेल्या ड्राइव्हट्रेनचे दोन वर्षांनंतरचे परीक्षण

शिमानो कंपनीच्या ‘६०० अल्टेग्रा’ या ६४०० मालिकेतला वापरलेला ड्राइव्हट्रेन, म्हणजे क्रँक (पायडल ज्यांना लागतात ते दांडे), दोन चेनव्हील (पुढची दातेरी चाके), पुढचा व मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आणि फ्रेमच्या तिरक्या नळीवर बसणारे दोन शिफ्टर (गिअर बदलण्याच्या दांड्या), असा संच मी दोन वर्षांपूर्वी ९,५०० रुपयांना घेतला. तेव्हापासून तो माझ्या जुन्या पोलादी रेसिंग सायकलवर आहे आणि छत्रपती संभाजीनगर ते वेरूळ या रस्त्यावर दोन उन्हाळे व दोन पावसाळे त्याने काढले आहेत. संच उत्तम आहे आणि पैसे वसूल झाले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही हे परीक्षण केवळ त्या धातूचे नाही. जुन्या भागांच्या बाबतीत एकाच कंपनीचा, एकाच मालिकेचा आणि एकाच महिन्यात तयार झालेला भाग एका घरी सोन्यासारखा निघतो आणि दुसऱ्या घरी भंगारात जातो; त्यामुळे तो कसा विकला गेला आणि कसा पारखून घेतला, हे सांगितल्याशिवाय तो चांगला की वाईट हे सांगता येत नाही.

आधी हीच मालिका का निवडली ते सांगतो. तिरक्या नळीवरचे शिफ्टर पूर्वी केवळ घर्षणावर चालत. गिअर नेमका कुठे बसतो हे स्वाराने हाताच्या अंदाजाने आणि चेनच्या आवाजाने ठरवायचे. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या सर्वांत वरच्या मालिकेत टिचकीसरशी गिअर बदलणारी एसआयएस पद्धत आणली आणि पुढच्या काही वर्षांत ती ६०० व १०५ या मालिकांपर्यंत खाली आली. सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीने १९६४ मध्ये काढलेल्या तिरप्या समांतरभुज डिरेलरचे, म्हणजे मागच्या प्रत्येक दातेरी चकतीपासून चेन साधारण सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या रचनेचे, पेटंटही १९८४ च्या सुमारास संपले, आणि ती रचना इतरांना मोकळी झाली. या दोन्ही गोष्टींचा लाभ ६४०० मालिकेला मिळाला. त्यामुळे दिसायला जुन्या घडणीचा, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचा, आणि तरीही घाटात एका टिचकीत गिअर टाकणारा असा हा संच आहे. इटलीच्या कॅम्पाग्नोलो कंपनीचा १९६७ पासूनचा नुओव्हो रेकॉर्ड डिरेलर हातात धरला की डोळ्यांचे पारणे फिटते हे मी मान्य करतो. पण त्याची किंमत आता संग्राहक ठरवतात, आणि मला सायकल भिंतीवर टांगायची नव्हती.

या संचाच्या आधी माझी एक खरेदी फसली. ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

दुसऱ्या एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडून मी एक क्रँक मागवला होता. छायाचित्रे झगझगीत होती, वर्णन ‘उत्तम स्थितीत, फक्त किरकोळ ओरखडे’ असे होते आणि पैसे आगाऊ गेले होते. क्रँक हातात आला तेव्हा तो आरशासारखा चमकत होता, आणि त्या चमकेचाच मला संशय आला. कारण पस्तीस वर्षे वापरलेल्या क्रँकवर बुटाच्या घासणीचा डाग नसेल, तर कोणीतरी तो बफिंग करून काढलेला असतो, आणि बफिंगमध्ये डागाबरोबर इतरही काही झाकले जाते. मी वाळूज औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. आमच्याकडे साच्यातील भेगा शोधण्यासाठी डाय पेनेट्रंट वापरतात : आधी भाग स्वच्छ करायचा, मग लाल रंगाचे पातळ द्रव्य फवारायचे, दहा मिनिटांनी ते पुसून घ्यायचे आणि वर पांढरी पूड देणारा दुसरा फवारा मारायचा. भेग नसेल तर पांढरे ते पांढरेच राहते. मी तो क्रँक सुटी झाल्यावर बाकावर ठेवला आणि फवारा मारला. दांडा आणि चेनव्हील धरणारे पाच पाय जिथे एकमेकांना मिळतात, त्या आतल्या कोपऱ्यात आधी एक लाल टिपका उमटला आणि पाहता पाहता त्याची साधारण आठ मिलिमीटर लांबीची, केसाएवढी बारीक रेघ झाली. उभे राहून घाट चढताना शरीराचा सगळा भार त्याच कोपऱ्यावर येतो. तिथे दांडा तुटला तर स्वार पुढे कोसळतो, आणि मागून ट्रक येत असेल तर पुढचे सांगायला नको.

विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. ‘चित्रात दिसतो तोच माल दिला’ एवढेच त्याचे म्हणणे होते. तो क्रँक मी हॅकसॉने मधोमध कापला, कारण तो अखंड राहिला असता तर कधीतरी भंगारवाल्याच्या टोपलीतून पुन्हा कोणाच्या तरी सायकलवर चढला असता.

६४०० संचाचा विक्रेता नाशिकचा, वयाने साठीच्या पुढचा. त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले तेव्हा मी नेहमीच्या सवयीने आधी किंमत विचारली. त्यावर ते म्हणाले, “किमतीचं नंतर बघू. मी फोटो पाठवतो, आधी दाते बघा, मग पैशाचं बोला.” आणि खरोखरच संध्याकाळी वीस-बावीस छायाचित्रे आली. प्रत्येक चेनव्हील पांढऱ्या कागदावर ठेवून वरून काढलेले, शेजारी स्टीलची पट्टी. क्रँकच्या आतल्या बाजूचे, पेडलच्या आट्यांचे आणि एक्सल बसतो त्या चौकोनी छिद्राचे जवळून काढलेले छायाचित्र. मागच्या डिरेलरची दोन्ही चाके सुटी करून ठेवलेली. सोबत लिहिले होते : मोठ्या चेनव्हीलचा एक दाता किंचित वाकला होता, तो पकडीने सरळ केला आहे, डाव्या क्रँकवर बुटाची घासणी आहे, पुढच्या डिरेलरच्या आतल्या पट्टीला चेनने चर पाडला आहे, पण ती पट्टी आरपार झिजलेली नाही. भाग आल्यावर मी हे सर्व ताडून पाहिले. एकही गोष्ट कमी-जास्त निघाली नाही. या संचासाठी मी जे पैसे मोजले त्यांतील मोठा वाटा या वर्णनाचा आहे असे मी समजतो, आणि पुन्हा वेळ आली तर असे वर्णन देणाऱ्याला हजार रुपये जास्त देईन.

शिमानोच्या त्या काळातील भागांच्या मागच्या बाजूला दोन अक्षरे ठोकलेली असतात. पहिले अक्षर वर्ष सांगते, दुसरे महिना. १९७६ साठी ए, १९७७ साठी बी, आणि याच क्रमाने पुढे. माझ्या दोन्ही क्रँकवर ‘एनसी’ आहे, म्हणजे मार्च १९८९, आणि मागच्या डिरेलरवर ‘एनडी’, म्हणजे त्याच वर्षीचा एप्रिल. उजवा व डावा क्रँक एकाच महिन्यातला असणे ही चांगली खूण आहे. दोन्हींत चार वर्षांचे अंतर असेल तर एक कधीतरी तुटला किंवा बदलला गेला, हे उघड होते, आणि मग विक्रेत्याला कारण विचारावे.

आता एकेका भागाविषयी. शिफ्टर हा या संचातला सर्वांत निर्धोक भाग आहे. त्यात झिजण्यासारखे फारसे काही नसते, आणि उजव्या शिफ्टरवरची कडी फिरवली की टिचकीची पद्धत बंद होऊन साधे घर्षण चालू होते, त्यामुळे मागची चकती कोणत्याही बनावटीची असली तरी रस्त्यात अडून राहावे लागत नाही. माझ्या शिफ्टरमधील टिचक्या आजही स्वच्छ आहेत. सात चकत्या, प्रत्येक चकतीला एक ठाम ‘टक्’, आणि तो आवाज कानापेक्षा बोटाला आधी कळतो. याउलट, ब्रेकच्या दांड्यातच गिअर बसवलेले १९९० च्या दशकातील सुरुवातीचे शिफ्टर वापरलेले घेऊ नयेत, निदान हातात घेऊन पाहिल्याशिवाय तरी नकोच. त्यांच्या आत बारीक भागांची मोठी गर्दी असते आणि जुने ग्रीस सुकून गोंदासारखे घट्ट होते. आणखी एक सूचना : ड्युरा-एस ७४०० मालिकेचे शिफ्टर दिसायला याच घराण्यातले वाटतात, पण त्यांचा केबल ओढण्याचा हिशेब वेगळा आहे, ते ६०० किंवा १०५ च्या मागच्या डिरेलरशी जुळत नाहीत. विकणाऱ्यालाही पुष्कळदा हे ठाऊक नसते.

मागचा डिरेलर घेताना त्याचा खालचा पिंजरा चिमटीत धरून आडवा हलवून पाहावा. सांध्यांत खिळखिळेपणा असेल तर तो दुरुस्त होत नाही. पिंजऱ्यातील दोन छोट्या चाकांविषयी मात्र गैरसमज फार आहे. वरचे चाक थोडे डावी-उजवीकडे सरकते, ते मुद्दाम तसे केलेले आहे. चकतीशी चेन आपोआप सरळ रेषेत यावी म्हणून. ती झीज नव्हे. खालचे चाक जास्त सरकत असेल तर मात्र ती झीजच होय. माझ्या डिरेलरची दोन्ही चाके बोथट दात्यांची, म्हणजे चांगली निघाली. ती जर सुईसारखी टोकदार असती, तर तेवढे पैसे मी कापून मागितले असते, कारण नवी चाके मिळतात, पण फुकट मिळत नाहीत.

क्रँकविषयी वर लिहिले आहेच. त्यात एवढीच भर घालतो की क्रँक काढण्यासाठी पुलर ज्या २२ मिलिमीटरच्या आट्यांत बसतो, ते आटे बोटाच्या नखाने तपासावेत. आपल्याकडे जन्मभर कॉटरचे (लोखंडी खिळीने अडकवलेले) क्रँक हाताळलेल्या हातांना पुलरची सवय नसते. कोणीतरी हातोडी मारून क्रँक काढलेला असतो, आणि त्या खुणा तिथेच सापडतात. या मालिकेच्या चेनव्हीलचे बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, म्हणजे आत ३८ दात्यांपर्यंतचे चेनव्हील बसू शकते. जुन्या इटालियन क्रँकचे १४४ मिलिमीटरचे वर्तुळ ४१ दात्यांच्या खाली जाऊ देत नाही, आणि घाट चढणाऱ्याला हा फरक गुडघ्यात कळतो.

चेन वापरलेली घेऊ नये. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, शक्यतो घेऊ नये. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात तो एक्सल व त्याचे बेअरिंग, नवाच घ्यावा. चेन आणि चकत्या एकमेकींबरोबर झिजतात. लांबलेल्या चेनने घडवलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली की ती दाब देताच उसळी मारून पुढे सरकते, आणि नेमकी चढावर उभे राहिल्यावर सरकते. चेनची तपासणी सोपी आहे. तिच्या एका पिनपासून मोजायला लागले की चोविसावा सांधा बरोबर १२ इंचांवर यायला हवा. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलण्याची वेळ आली. एक अष्टमांश गेला असेल तर चकत्याही गेल्या असे समजावे. बारा इंचांची स्टीलची पट्टी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि विक्रेत्याकडे ती नसेल तर खरेदीदाराने आपली न्यावी.

जोडणीचे काम शहागंजकडच्या एका जुन्या सायकल मेस्त्रींकडे, आम्ही ज्यांना चाचा म्हणतो त्यांच्याकडे झाले. पुलर मी विकत घेऊन दिला, बाकी हात त्यांचे. माझ्या फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे आहेत हे त्यांनी मला सांगण्याची गरज पडू दिली नाही. जुन्या वाटीवर त्यांनी पाना लावला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकाच झटक्यात ती सैल केली. माझ्या फ्रेमच्या मागच्या टोकांतील अंतर १२६ मिलिमीटर आहे, म्हणजे सात चकत्यांच्या काळातलेच, त्यामुळे फ्रेम वाकवण्याचा प्रसंग आला नाही. एक्सलवर बसवण्यासाठी एक मिलिमीटरचा स्पेसर हवा होता, तो मी वाळूजला लेथवर करून घेतला. असा भाग बाहेरून मागवायला आठ दिवस जातात. आपल्याकडे चहा होईपर्यंत तो कातून हातात मिळतो. जुन्या सायकलींचा नाद असलेल्यांसाठी मराठवाड्यातील ही सोय फार मोलाची आहे आणि तिचा पुरेसा उपयोग कोणी करत नाही याचे मला वाईट वाटते.

पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा आणि मग दौलताबाद, हा रस्ता मी बहुतेक रविवारी पहाटे धरतो. किल्ल्याच्या पुढे घाट लागतो. सुरुवातीला माझ्याकडे आतले चेनव्हील ४२ दात्यांचे आणि मागची सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची होती. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.१५ मीटर पुढे जात असे. पन्नाशीकडे झुकलेल्या गुडघ्यांना तेवढे जड जाते. पुढे मी ३९ दात्यांचे चेनव्हील बसवले आणि तेच अंतर २.९ मीटरच्या आसपास आले. कागदावर हा फरक वीतभर आहे, पण कागजीपुऱ्याच्या अलीकडे शेवटच्या चढावर मी आता खोगिरावर बसून जातो, पूर्वी उभा राहत असे. चढावर भार असताना गिअर टाकायचा झाला तर अर्धा क्षण पाय हलका करावा लागतो; आजच्या डिरेलरची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. हात हँडलवरून काढून तिरक्या नळीकडे न्यावा लागतो, तेही खड्ड्यांच्या रस्त्यावर सोपे नाही. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे, आणि रोज वाहतुकीतून सायकल चालवणाऱ्याला मी हा संच सुचवणार नाही.

दुसरी अडचण आपल्या मातीची. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर काळी माती सोडून जातात. ती ओली असताना चेनला चिकटते आणि वाळली की कानशीसारखी काम करते. पावसानंतरच्या प्रत्येक फेरीनंतर मी चेन डिझेलच्या फडक्याने पुसतो, कोरडी करतो आणि प्रत्येक सांध्यावर एकच थेंब तेल सोडून वरचे पुसून घेतो. चेनवर तेलाचा थर दिसत राहिला तर तो धूळच गोळा करतो. एवढे सांभाळल्यामुळे सुमारे ३,००० किलोमीटरनंतरही नव्या चेनची वाढ एक सोळांश इंचापेक्षा कमी आहे, आणि १९८९ च्या चेनव्हीलचे दाते छायाचित्रात दिसले होते तसेच आहेत.

खर्चाचा हिशेब असा झाला : संच ९,५००, कुरिअर ३५०, नवी चेन ९००, नवे सात चकत्यांचे फ्रीव्हील ८५०, बॉटम ब्रॅकेट १,६००, केबल ४००, पुलर ५००, एकूण १४,१०० रुपये. केवळ ९,५०० चा आकडा धरून जो खरेदी करील त्याची निराशा होईल, म्हणून हे मुद्दाम लिहिले. कापून टाकलेल्या क्रँकचे पैसे यात धरलेले नाहीत.

३९ दात्यांचे ते चेनव्हील मिळवण्यासाठी मला २,५०० रुपयांना सुट्या भागांचा एक ढीगच घ्यावा लागला होता, आणि त्यातून मी स्वतः विक्रेता झालो. ढिगात १०५ मालिकेचा मागचा डिरेलर होता. तो मी डिझेलमध्ये धुतला, बफिंग केले नाही, नाशिकच्या काकांसारखी बारा छायाचित्रे काढली, सांध्यांत खेळ नाही, वरचे चाक रचनेप्रमाणे सरकते, पिंजऱ्यावर ओरखडे आहेत, असे लिहिले आणि १,५०० रुपये किंमत ठेवली. कुरिअरने पाठवावा लागला असता तर पिंजऱ्यावर दाब येऊ नये म्हणून तो जुन्या ट्यूबच्या तुकड्यांत गुंडाळून कडक डब्यात बांधायचा, हेही ठरवून ठेवले होते. तसे करावे लागले नाही. जालन्याचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सकाळच्या रेल्वेने स्वतःच आला.

त्याने डिरेलर उजेडात धरला, पिंजरा हलवून पाहिला, मग खालचे चाक दोन बोटांत धरून बाजूला ढकलले आणि माझ्याकडे पाहिले. “काका, हे खालचं पण सरकतंय. तुम्ही फक्त वरचं लिहिलं होतं.” मी चाक हातात घेऊन पाहिले. ते सरकत होते. धुताना माझ्या लक्षात आले नव्हते, कारण ग्रीसने ते तात्पुरते घट्ट धरले होते. मी वर्णनात त्याच वेळी दुरुस्ती केली आणि २०० रुपये कमी केले. त्याने १,३०० रुपये दिले, डिरेलर वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात ठेवला, आणि निघताना माझ्याकडची चेन मोजायची पट्टी कुठून घेतली ते विचारून घेतले.